सतरा नंबरला गोडं तेल

सोमवारी दुपारी शिपाई नोटीस देऊन गेला, तेव्हा वनमालानं मशीनवरची जुनी गोधडी काढली आणि चाकाला हात लावला. चाक हललं नाही.

तिला वाटलं, पट्टा अडकला असेल. तिनं पट्टा उतरवला आणि पुन्हा हात लावला. मग दोन्ही हातांनी, भिंतीला पाय रोवून, जोर लावला. चाक बोटभर पुढं गेलं आणि गुळात रुतलेल्या मुंगळ्यासारखं तिथंच बसलं. मागंही येईना.

"काय लिहिलंय नोटिशीत?" तिनं मागं न वळता विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. सही तेवढी येत होती, आणि आकडे.

सासरे दारात उन्हाला बसले होते. जयसिंहराव म्हणजे रियासतीच्या फौजेतले हवालदार. फौज मोडून सात वर्षं झाली, तरी कागद हातात आला की त्यांची पाठ ताठ व्हायची. त्यांनी चष्मा पुसला आणि हिंदी कागद मराठीत सांगायला सुरुवात केली.

"शुक्रवारी सकाळी दहाला भोपाळचे निरीक्षक येणार. जिच्या घरी जी मशीन आहे, तिनं ती चालवून दाखवायची. चालू निघाली तर मशीन भोपाळला, आणि मशीनबरोबर चालवणारी पण. बंद निघाली तर मशीन भंगारात आणि चालवणारी सेवेतून मुक्त. आता मुक्त म्हणजे..."

"मुक्त म्हणजे कळलं मला, मामंजी."

"खाली आणखी रखरखाव, म्हणजे देखभाल, वगैरे काहीतरी आहे. ते नेहमीचंच." त्यांनी कागदाची घडी केली. "आपल्याला काय भीती? रोज तेल जातंय. चालव बरं, आवाज ऐकू दे."

वनमाला चाकाला धरून तशीच उभी राहिली.

ती कराडकडची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन लष्करला आली. ग्वाल्हेरातल्या ज्या वस्तीत मराठी माणसं राहायची तिचं नावच लष्कर. गावाकडच्या बायका तिच्या आईला विचारायच्या, "पोरगी लष्करात दिलीस म्हणजे काय गं, तिला बंदूक देणार काय?" बंदूक नवऱ्याकडं होती. मानसिंगराव पायदळात होते. संस्थान विलीन झालं, फौजेची छाटणी झाली, बंदूक जमा करून ते घरी आले आणि त्याच हिवाळ्यात विषमज्वरानं गेले. मूलबाळ नव्हतं. राहिले सासरे आणि ती, जनकगंजातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत.

तिला रजाईखान्यानं तारलं. बाडा म्हणजे शहराचा मुख्य चौक, त्याच्यामागच्या बोळात रियासतीचा रजाईखाना होता. दवाखान्याच्या खाटा, वसतिगृहं, पहाऱ्याच्या चौक्या, सगळ्यांच्या रजया तिथं शिवल्या जायच्या. ग्वाल्हेरची थंडी ज्याला ठाऊक आहे त्याला हे काम काय होतं ते वेगळं सांगायला नको. घरच्या शिलाई मशीनखाली कापसानं भरलेली रजई शिरतच नाही. त्यासाठी लांब हाताची, जड मशीन लागते, म्हणजे गुंडाळलेली रजई त्या हाताखालून आरपार सरकते. अशा मशिनी तिथं वीस होत्या. वनमालाला सतरा नंबर मिळाला. रजाईखान्याची पाटी तीनदा रंगली: आधी रियासत, मग मध्यभारत, आता कार्तिकात मध्यप्रदेश. मशीनचा नंबर मात्र सतराच राहिला.

राजधानी भोपाळला जाणार हे वैशाखातच ठरल्यासारखं झालं होतं. दफ्तरांचे गठ्ठे बांधायला जागा हवी म्हणून रजाईखान्याचं दालान रिकामं करायचा हुकूम आला. मशिनी जिच्या तिच्या घरी. सतरा नंबर हातगाडीवरून जनकगंजात आली ती करीमबख्श मिस्त्रीबरोबर. हा रजाईखान्याचा जुना मिस्त्री, त्यालाही त्या दिवशी शेवटचा दिवस होता. वनमाला आत ट्रंका सरकवून जागा करत होती. मिस्त्रीनं तोंडातलं पान न थुंकता दारात उभ्या जयसिंहरावांना काय ते सांगितलं आणि तो गाडीबरोबर परत गेला.

"तीन गोष्टी म्हणाला," जयसिंहराव आत येऊन म्हणाले. "एक, खाली चालवायची नाही."

"खाली म्हणजे जमिनीवर ठेवून?"

"हेच ते." सासऱ्यांना आनंद झाला. "पंचवीस वर्षं झाली इथं येऊन, अजून कराडातच आहेस. अगं, हिंदीत खाली म्हणजे रिकामी. कापड नसताना पाय मारायचा नाही, दात झिजतात. दुसरं, धूळ लागू द्यायची नाही. तिसरं, रोज गोडं तेल."

"गोडं? आपलं खायचं?"

"मीठा तेल. मी समोर उभा होतो की."

वनमालाला बाजारापुरती हिंदी यायची, पण बाहेरच्या पुरुषाशी बोलायची वेळ आली की सासरेच पुढं व्हायचे आणि नंतर मराठीत सांगायचे. हे तिला सोयीचंच होतं. खालीचा अर्थ त्यांनी बरोबर काढला होता, मग तेलाचा चुकेल असं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नेम धरला. मशीनला तेलाची अकरा भोकं होती. वर चार, हाताच्या पोटात तीन, सुईच्या दांड्याला दोन, खालचा दोरा नेणाऱ्या शटलपाशी दोन. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती तिळाच्या तेलाची वाटी घेऊन बसायची आणि कबुतराच्या पिसानं एकेका भोकात दोन दोन थेंब सोडायची. घरात तेल काही वाहत नव्हतं. मशीनचे बावीस थेंब ती फोडणीतून काढायची.

"भाजीला आज चव नाही," सासरे म्हणायचे.

"चव सतरा नंबर खातेय."

यावर ते हसायचे आणि पाण्याबरोबर घास उतरवायचे.

गणपतीपर्यंत कापूस येत होता, रजया जात होत्या, मशीन चालत होती. मग कापूस थांबला. शिपायाला विचारलं तर तो म्हणायचा, फाइल भोपाळला गेलीय. काम नाही म्हटल्यावर मशीन उभीच राहिली. खाली चालवायची नाही म्हणून वनमालानं पाय मारला नाही, पण तेल चुकवलं नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि त्या दिवशीही अकरा भोकांत बावीस थेंब.

सोमवारी चाक अडलं तेव्हा तिनं पहिल्यांदा केलं ते हेच. वाटी आणली आणि प्रत्येक भोकात पिसाऐवजी चमच्यानं तेल ओतलं.

"अजून घाल," जयसिंहराव म्हणाले. "गारठ्यानं आखडली असेल. गुडघ्याला नाही का लावत आपण?"

तासाभरानं चाक तसंच. तिनं खालची पत्र्याची पट्टी सरकवली, बोटानं चाचपून शटल हळूहळू उपसून काढलं आणि उजेडात धरलं. होडीसारखं ते पोलादी शटल मधासारखं पिवळं झालं होतं. कापसाचे तंतू त्यावर मिशा चिकटवल्यासारखे बसले होते. नखानं खरवडलं तर नखात राळ आली. समईच्या बुडाला आठवडाभर न घासल्यावर बसतो तो चिकटा. अगदी तोच, वासही तोच. ती समई ती दर शनिवारी राखेनं घासत आली होती.

तिनं शटल पदराआड धरलं.

मंगळवारी सकाळी शटल फडक्यात बांधून ती किल्ल्यापलीकडच्या हजिऱ्याला, मिस्त्रीच्या घरी निघाली. सासरे टोपी घालून उठले.

"मी येतो. तुला त्याचं बोलणं कळायचं नाही."

"गुडघे घेऊन कुठं येताय? मी शेजारच्या इंदुताईंना घेऊन जाते," ती खोटं बोलली आणि एकटीच टांग्यात बसली. किल्ल्याला वळसा घालून टांगा जात असताना तिनं मनातल्या मनात हिंदी वाक्यं जुळवली.

करीमबख्शच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदू काढला होता. तो अंगणात खाटेवर बसला होता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शटल त्याच्या हातात दिलं. त्यानं ते डोळ्याशी नेलं नाही, नाकाशी नेलं.

"बाई, ये तो पकौड़े की खुशबू है. मशीन चलाती हो कि कड़ाही?"

"आपने बोला था, मीठा तेल."

"मैंने?" त्याचा हात थांबला. "मैंने मिट्टी का तेल बोला था, बाई. मिट्टी का. लालटेन वाला. हफ्ते में एक दफा उससे धोना, फिर मशीन का तेल देना. मीठा तेल तो लोहे में गोंद हो जाता है."

मिट्टी का. मीठा. तिनं दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात फिरवून पाहिले. पान भरल्या तोंडातून, हातगाडीच्या खडखडाटात, दारात उभ्या माणसाच्या कानात. आणि तिथून मराठीत. गोडं तेल झाल्यावर त्यात मातीचा कणसुद्धा उरला नव्हता. मातीचं तेल म्हणून कुणी सांगितलं असतं तर तिला लगेच कळलं असतं, आपलं घासलेट.

"सुना किसने था?" मिस्त्रीनं विचारलं.

"मैंने," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग बोटं मोजत, सावकाश, तिला कळेल असं सांगितलं. अकराही भोकांत घासलेट. गरम पाण्याचे बोळे वरून ठेवायचे. जोर करायचा नाही, हातोडी तर मुळीच नाही. चाक पुढं मागं, पुढं मागं, जेवढं हलेल तेवढंच. घाण गळून निघाली की पुसायचं, पुन्हा घासलेट. सुटली की मगच मशीनचं तेल.

"वक्त कितना है?"

"शुक्कर तक."

मिस्त्रीनं शटल पुन्हा नाकाशी नेलं. "छह महीने का गोंद है, बाई. हो भी जाए. ना भी हो. मेरी आँख होती तो मैं चलता." त्यानं उशीखालची डबी चाचपली आणि एक लांब सुई तिच्या हातावर ठेवली. "ये रख लो. पुरानी वाली टेढ़ी हो गई होगी."

येताना बाड्यावर उतरून तिनं मशीनच्या तेलाची छोटी बाटली घेतली. पाण्यासारखं पांढरं, बिनवासाचं तेल. ते इतकी वर्षं रजाईखान्यात मिस्त्रीच्या हातात असायचं, तिनं कधी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

घरी आल्या आल्या तिनं कंदील उपडा केला.

"हे काय चाललंय?" जयसिंहराव म्हणाले.

"मिस्त्रीनं सांगितलं."

"आधी म्हणतो गोडं, आता म्हणतो घासलेट. माणूस एका शब्दाचा नाही."

वनमाला भोकांत घासलेट सोडत राहिली. सांगावं असं जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण या घरात त्यांच्याकडं आता उरलं होतं काय? फौज गेली, मुलगा गेला. सुनेला हिंदी समजावून सांगणं एवढंच काम त्यांच्या हाती होतं. आधी चाक सुटू दे, मग बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

बुधवार सगळा त्यात गेला. चुलीवर पाणी, पाण्यात चिंध्या, चिंध्या पिळून मशीनच्या पोटावर. खोलीभर घासलेटचा वास. दुपारपर्यंत वरच्या चार भोकांतून काकवीसारखं तपकिरी काहीतरी गळायला लागलं. ती पुसायची, पुन्हा सोडायची, चाक पुढं मागं करायची. बोटभर. दोन बोटं. संध्याकाळी चार बोटं. कंदिलात तेल उरलं नव्हतं, म्हणून दिवेलागणीला दोघं अंधारातच जेवली.

"भोपाळला थंडी एवढी नसते म्हणतात," सासरे अंधारातून म्हणाले. "माझ्या गुडघ्यांना बरं."

तिनं ताट बाजूला सारलं.

गुरुवारी सकाळी तिनं घासलेटची बाटली भरून आणली. सुईचा दांडा सुटला. हाताच्या पोटातली तीन भोकं सुटली. अडून बसला होता तो एकटा खालचा, शटलला झुलवणारा दांडा. वनमाला जमिनीवर पाठ टेकून मशीनखाली निजली आणि वर हात करून बोळे दाबत राहिली. घासलेट मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, डोळ्यांत थेंब पडत होते. मध्येच तिला हसू आलं. सहा महिने मी हिला तुपातलं जेवण घातलं, आणि हिला हवी होती माती. मग ते हसू गेलं आणि नुसतं हुंदक्यासारखं काहीतरी राहिलं. चार वाजता आत कुठंतरी कट् असं वाजलं. तिला वाटलं, तुटलं. बाहेर येऊन तिनं चाकाला हात लावला. चाक फिरलं. जड, कण्हत, पण पूर्ण एक फेरा फिरलं.

तिनं सगळं कोरडं पुसलं, मशीनचं तेल दिलं, नवी सुई लावली आणि रजईचा जुना तुकडा खाली सरकवून पाय मारला. टाके पडले. आठ-दहा टाक्यांनी एक सुटायचा. ती शटल काढून पुन्हा पुसायची. अंधार पडेपर्यंत सुटायचं प्रमाण शंभराला एक झालं होतं.

शुक्रवारी निरीक्षक अकराला आले. सडपातळ, थकलेला माणूस, बरोबर एक कारकून. सकाळपासूनचं हे त्यांचं सहावं घर होतं. त्यांनी नंबर पाहिला, कारकुनानं लिहिला. मग त्यांनी पिशवीतून कापूस भरलेला पांढरा नमुना काढून दिला.

"चलाइए, बाई जी."

वनमालानं पाय मारला. मशीन चालली. नमुना हाताखालून सरकत गेला, टाक्यांची रेघ सरळ उमटली. मध्ये एकदा टाका सुटला, तिनं पाय थांबवला नाही, निरीक्षकांचं लक्ष नव्हतं. हातभर रेघ झाली. त्यांनी हात वर केला.

"चालू," ते कारकुनाला म्हणाले. कारकुनानं लिहिलं.

दारात उभ्या जयसिंहरावांनी सुनेकडं पाहून मान डोलावली. वनमालानं पाय पायदानावरून खाली घेतला.

निरीक्षकांनी नमुना काढून घेतला, घडी करता करता ते थांबले. रेघेच्या शेवटाला पिवळा डाग होता. मशीनच्या हाताच्या पोटातून, जिथवर बोळा पोचला नव्हता तिथून, एक जुना थेंब सुटून कापडावर पसरला होता. त्यांनी तो बोटानं चोळला, वास घेतला.

"इसमें कौन सा तेल डाला है?"

वनमालानं तोंड उघडलं. त्याआधीच जयसिंहराव दोन पावलं पुढं आले होते. टाचा जुळलेल्या, हात बाजूला.

"मीठा तेल, साहब. घर का, खाने का. रोज शाम को. एक दिन नागा नहीं हुआ."

निरीक्षकांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग कारकुनाकडं. कारकून हसला आणि त्यानं हसू लगेच गिळलं.

"खाने का तेल. सरकारी मशीन में. किसने बताया?"

"मिस्त्री ने, साहब."

"मिस्त्री ने मिट्टी का बोला था," वनमाला म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो ओळखू आला नाही. "मिट्टी का तेल. इन्होंने मीठा सुना. मुझे वही बताया. मैंने वही डाला. तीन दिन से धो रही हूँ, साहब. अब ठीक है, आपने देखा."

आयुष्यात परक्या पुरुषापुढं ती एका दमात एवढी हिंदी कधीच बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला सासऱ्यांकडं बघवलं नाही. त्यांच्या टाचा अजून जुळलेल्या होत्या, एवढं खाली मान घातलेल्या तिला दिसत होतं.

निरीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी नमुन्याची घडी पूर्ण केली. "बाई जी, सुना किसी ने भी हो. मशीन किसके नाम है?"

"मेरे."

"तो रखरखाव भी आपके नाम है. फॉर्म में दो कॉलम हैं. मशीन का अलग, चलाने वाले का अलग. पहला मैं भर चुका." त्यांनी कारकुनाला काहीतरी हळू सांगितलं. कारकुनानं लिहिलं, एक प्रत फाडून स्टुलावर ठेवली. "आठ दिन में गाड़ी आएगी. तब तक मशीन आपके जिम्मे है. तेल सही डालिएगा."

ते गेले. वनमालानं कागद उचलून सासऱ्यांपुढं धरला. त्यांनी चष्मा लावला.

"वाचा, मामंजी."

"मशीन चालू," ते म्हणाले. "भोपाळला पाठवावी." आणि थांबले.

"पुढचं."

"पुढचं..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हिंदी अवघड आहे गं याची."

तिनं कागद त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला, घडी केली आणि देवाच्या फळीवर समईखाली ठेवला. मग ती चुलीपाशी जाऊन बसली. चूल पेटवायची होती, पण कशासाठी ते तिला बराच वेळ आठवेना. त्या दिवशी जयसिंहराव उन्हात बसले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली होती. दिवा लावायची वेळ झाली होती. तिला उठावंसं वाटत नव्हतं. जी आठ दिवसांनी आपल्याला मागं ठेवून भोपाळला जाणार तिचं काय करायचं? गंजू दे मेली.

आतून खुडबुड ऐकू आली. जयसिंहराव मशीनपाशी गुडघ्यांवर बसले होते. डाव्या हातात कबुतराचं पीस होतं. समोर जमिनीवर दोन बाटल्या ठेवल्या होत्या, एक घासलेटची, एक पांढऱ्या तेलाची. त्यांनी आधी एकीकडं पाहिलं, मग दुसरीकडं. हात मध्येच थांबला होता.

"सूनबाई," ते वळून न बघता म्हणाले, "कुठलं?"

तिनं बाटल्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "पांढरं."

"पांढरं," त्यांनी तिच्या मागून म्हटलं, शाळेतल्या मुलासारखं. "किती?"

"दोन थेंब."

त्यांनी पीस बुडवलं आणि पहिलं भोक शोधायला लागले. ते त्यांना सापडेना. वनमाला उठली, त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांचं बोट धरून तिनं भोकावर ठेवलं.